वाळूच्या ढिगावरचा बोका

जे जनावर कोणा एकाचे नाही, ते आजारी आहे हे कोणाच्या आणि कशावरून लक्षात यावे, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. ते मिळाले, पण ज्याच्यासाठी हवे होते त्याला त्याचा उपयोग झाला नाही.

कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत एक पिवळा बोका होता. सकाळी माझ्या पायरीवर दूध आणि दुपारी समोरच्या चाचांकडे खिमा, असा त्याचा क्रम. चाचा शिंपी आहेत. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आमचे बोलणे वाढले, तेही बहुधा या बोक्याच्या निमित्ताने.

एका सोमवारी वाटीतले दूध तसेच राहिले. चाचांकडे खाऊन आला असेल, असे मी धरून चालले. चाचांकडचा खिमाही तसाच राहिला. माझ्याकडे पोट भरले असेल, असे त्यांनी धरले. दोन्ही घरांत जेमतेम दहा पावलांचे अंतर, तरी कोणी कोणाला विचारले नाही.

त्याच दिवशी शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर तो उकरून बसताना दिसला. उठला, दोन पावलांवर पुन्हा उकरले, पुन्हा बसला. माझा चहा संपेपर्यंत असे चार वेळा झाले. विज्ञानाच्या बाईंची मोजायची सवय जात नाही.

"चाचा, याला बद्धकोष्ठ झालेलं दिसतंय."

"अहो बाई, तुमच्या दुधाची कमाल! इतकं पाणी घातल्यावर उलट जुलाब व्हायला हवेत."

"आधी तुमच्या खिम्यातली मिरची कमी करा, मग दुधाला नावं ठेवा."

आम्ही दोघेही हसलो. मी दुधात चमचाभर तूप घालून वाटी पुढे केली. त्याने हुंगून तोंड फिरवले.

मंगळवारी तो चाचांच्या शिलाई मशीनखाली पंजे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसून होता.

"तुमच्या वर्गात शोभला असता," चाचा म्हणाले. "सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

मला खरोखर बरे वाटले. जन्मभर मी गप्प बसणाऱ्या मुलाला ठीक समजत आले. माझे लक्ष असे ते दंगा करणाऱ्यांकडे. एरवी तासभर अंग चाटत बसणाऱ्या त्या बोक्याचे केस ओले असल्यासारखे झुबक्याझुबक्यांनी उभे राहिले होते. तेही मी पाहिले. निरीक्षण केले, पण अनुमान काढले नाही. हीच चूक मी मुलांच्या प्रयोगवहीत लाल शाईने दाखवत असे.

बुधवारी सकाळी त्याला उलटी झाली. उचलताना पोटाला हात लागला तसा तो किंचाळला. चाचांनी मशीन तशीच सोडली. बोक्याला कापडाच्या पिशवीत घालून आम्ही रिक्षाने पशुवैद्यांकडे निघालो. वाटेत तो माझ्या मांडीवर घुरघुरू लागला.

"उतार पडतोय बहुतेक," मी म्हणाले.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दोन बोटांनी पोट चाचपले. मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते.

"शेवटची लघवी कधी झाली?"

ते आम्ही दोघांनीही पाहिले नव्हते.

"बरं, खाल्लं कधी, कुठे?"

"यांच्याकडे," मी म्हणाले. त्याच क्षणी चाचा म्हणाले, "बाईंकडे."

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. मग त्यांनी शांतपणे समजावले. बोक्याची लघवी अडली की त्याचे वारंवार बसणे बद्धकोष्ठासारखे दिसते, पण तेव्हा एक दिवससुद्धा थांबायचे नसते. मांजर वेदनेतही घुरघुरते. आणि ते गप्प बसले की ते शहाणे झाले असे समजू नये.

त्यांनी नळी घालून लघवी काढली, सलाईन लावले. तरी तो संध्याकाळी गेला. चाचांनी ती पिशवी परत आणली आणि धुऊन दुकानाच्या दाराला वाळत घातली. त्या दिवशी मशीन पुन्हा चालली नाही.

आता गल्लीत एक पांढरी मांजरी येते. दुपारी चाचा मशीनवरून मान न उचलता ओरडतात, "बाई, दूध प्यायली का?" मी उत्तर देते आणि उलट विचारते, "तुमच्याकडे काय खाल्लं?" इतकेच विचारायचे होते. ते आम्ही तीन दिवस विचारले नाही.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विसंबू नका. तुमच्या दारात येणारे मांजर आज कोणाकडे जेवले, त्याला लघवी होते का, ते अंग चाटते का, हे शेजाऱ्यांना विचारून आणि स्वतः पाहून पडताळा. मी जे लिहिले आहे तेही जवळच्या पशुवैद्यांना विचारून तपासून घ्या.