व्हर्लीनचा गिलावा

व्हर्लीनचं वाटोळं मी केलं. कुणी काहीही म्हणो, मीच.

अमेरिकेतल्या टोलेडोत चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस मी. व्हर्लीन माझी मेहुणी, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिने राहतं घर गहाण टाकून १८८७ सालचं एक तिमजली घर घेतलं, भाड्याने द्यायला. जुनं रूप राखून दुरुस्ती केली, तर खर्चाचा पाचवा हिस्सा सरकार करात सोडतं. ती सवलत स्वतःच्या करात वापरायला घेऊन एका कंपनीने तिला बदल्यात रोख द्यायचं कबूल केलं होतं. त्यावरच सगळी भिस्त.

"बैठकीच्या खोलीचा गिलावा उडवून टाक," मी म्हणालो. "आतली वीट बघ कशी लालबुंद! भाडेकरूंच्या उड्या पडतील."

"एमरी, सवलतीचे कागद मंजूर व्हायचेत अजून."

"अगं बाई, वीट घराइतकीच जुनी! तिला कोण नाही म्हणणार?"

दोन आठवडे आम्ही दोघं छिन्नी-हातोडा घेऊन खपलो. तिने हौसेने सवलतीच्या सरकारी कचेरीला फोटो पाठवले. उत्तर आलं: त्या काळी बैठकीला गिलावाच असायचा, उघडी वीट ही आजची फॅशन. पुन्हा गिलावा करा, नाहीतर सवलत विसरा.

ती जिन्यावर मटकन बसली.

"शिव्या तरी दे मला," मी म्हणालो.

"शिव्यांनी भिंत भरते का? थापी घे."

तीन थर द्यायचे, आणि ऐन हिवाळ्यात एकही वाळेना. सात महिने गेले. मंजुरीशिवाय कंपनी दमडी देईना. हप्ते थकले, आणि बँकेने तिचं राहतं घर जप्त केलं. त्यानंतर अकराव्या दिवशी मंजुरी आली! आलेली रोख छपरावाल्याच्या नि नळवाल्याच्या घशात गेली.

"आता इथेच राहा ना," मी म्हटलं. "तुझंच तर घर आहे."

"पाच वर्षं नाही. ते भाड्यानेच द्यायला हवं. मी राहायला आले तर सवलत परत मागतील, गाढवा. कुठून देऊ?"

काल भाडेकरू आले. नवरा-बायको, दोन मुली. व्हर्लीनने त्यांना एकेक खोली दाखवली, खिडक्या कशा उघडायच्या ते समजावलं, चाव्या दिल्या. मुली ओरडत वर पळाल्या. ती बाहेर येऊन माझ्या गाडीत बसली.

"चल, घरी सोड," सवयीने म्हणाली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागली.