न मारलेल्या माराचे डाग

त्या म्हाताऱ्या मिस्त्रींची केस आठवली की आजही मला स्वतःच्याच पोलिसी शहाणपणाचा राग येतो.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक बाई रडत होती.

"साहेब, माझी भावजय माझ्या अब्बाला मारायलीय. अंगभर काळंनिळं पडलंय. मी काल डोळ्यांनी बघून आले."

अब्बा म्हणजे गावातले जुने मिस्त्री. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत पुन्हा तार भरण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. मुलगा हंगामापुरता कडा गावच्या साखर कारखान्यावर कामाला गेलेला, त्यामुळे घरात सून आणि सासरा दोघेच. फोन करणारी मुलगी बीडला दिलेली होती.

स्टेशन डायरीला नोंद करून मी महिला हवालदार बाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई कामाला चोख होत्या. त्यांनी मिस्त्रींच्या अंगावरचे डाग एकेक करून मोजले आणि जागेसकट लिहून घेतले. पाठीवर, मांडीवर, मनगटावर मिळून सात भरले.

"मला कुणी मारलं न्हाई," मिस्त्री म्हणाले.

घरात मार खाणारी म्हातारी माणसं 'पडलो' म्हणतात, हा माझा अनुभव. हे तर पडलोही म्हणत नव्हते. मला वाटलं, बिचाऱ्याला धड खोटंही बोलता येत नाही!

सासरा-सून दोघांनाही ठाण्यावर आणलं. पायऱ्या चढताना बाईंनी मिस्त्रींच्या उजव्या दंडाला धरून आधार दिला. मुलगीही बीडहून येऊन बाकावर बसली. मी सुनेला समोर बसवून दोन तास फैलावर घेतलं. ती एकच सांगत होती, मी हात लावला नाही. मंजन करताना अब्बांच्या हिरड्यांतून रक्त येतं, असंही तिने सांगितलं. मी लगेच ताडलं, तोंडावरही मारलेलं दिसतंय.

"साहेब, माझं नाव एकदा पोलिसांच्या कागदावर चढलं, तर मला या घरात कोण ठेवील?" ती म्हणाली. ती रडत नव्हती. तेही मी तिच्याच विरुद्ध धरलं.

गुन्हा दाखल करण्याआधी वैद्यकीय तपासणी हवी. दवाखान्याला द्यायची यादी तयार करताना बाईंनी डाग पुन्हा मोजले आणि त्या थबकल्या.

"साहेब, आठ झाले."

आठवा डाग उजव्या दंडावर होता. चार बोटं आणि एक अंगठा, अगदी स्वच्छ उमटलेले. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला. बोटं बरोबर जुळली. त्यांचा चेहराच उतरला.

"देवाशपथ साहेब, मी नुसता आधार दिलता."

खुद्द ठाण्यात, माझ्या नजरेसमोर म्हाताऱ्याला मार लागला होता आणि कुणी मारलं नव्हतं. आता मला गुन्ह्यापेक्षा त्या दंडाचंच कुतूहल वाटायला लागलं. सगळ्यांना जीपमध्ये घालून सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होता. त्याने पहिल्यांदा गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात रक्त पातळ करणारी गोळी होती, झडपेसाठी दिलेली. रक्ताची तपासणी झाली. मिस्त्रींचं रक्त गोठायलाच तयार नव्हतं. आणखी काही दिवस गेले असते तर मेंदूतही रक्तस्राव झाला असता, असं तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून विचारलं, "पण हे झालं कशानं?"

त्याने समजावलं. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलेलं 'के' शरीर दुरुस्त करून पुन्हा वापरतं. उरलेल्याचे तुकडे करून ते पित्तातून, लघवीतून बाहेर टाकतं. साठा फार टिकत नाही, रोज नवा माल लागतो. तो मुख्यतः पालेभाजीतून येतो. आणि ही गोळी नेमकी दुरुस्तीच बंद पाडते.

मिस्त्री खाटेवरून म्हणाले, "म्हंजी जुनी तार परत भरायची न्हाई, आन नवीबी आणायची न्हाई. मग मोटार चालंल कशी?"

डॉक्टर हसला. मग सुनेकडे वळून त्याने विचारलं, "यांना पालेभाजी देता का?"

"आधी रोज देत होते. मेथी, पालक, चुका. महिना झाला, बंद केली."

"गोळीचा डोस त्या रोजच्या भाजीवर ठरवलेला होता. भाजी गेली आणि तीच गोळी भारी पडली. भाजी बंद करायला कोणी सांगितलं?"

सुनेने मान खाली घातली. "कुणी न्हाई. मीच केली."

मी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी पुढे आली.

"खोटं बोलतीय ती. मीच सांगितलं फोनवर. औषधाच्या कागदावर लिवलं होतं, पालेभाज्या जपून खाव्या. मी म्हणलं, जपून कशाला, बंदच कर." बोलता बोलता ती भिंतीला टेकून खाली बसली.

मिस्त्रींना 'के'चं इंजेक्शन दिलं, गोळी काही दिवस थांबवली. भाजी रोज द्या, पण रोज सारखीच द्या, असं डॉक्टरने दोघींना बजावलं. मुलीने तक्रार मागे घेतली.

निघताना मी सुनेला विचारलं, "जिनं तुला पोलिसांत ओढलं, तिच्यासाठी खोटं कशाला बोललीस?"

"आपा अब्बाच्या भल्यासाठीच बोलल्या होत्या, साहेब. त्यांचं नाव पोलिसांसमोर काहून घेऊ?"

माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो, असा माझा लौकिक होता. मी नव्या पोरांना ते शिकवतही असे. त्या दिवसानंतर शिकवणं सोडलं. ती सून सकाळपासून खरं बोलत होती, ते मला एकदाही पटलं नाही. ती एकदाच खोटं बोलली आणि ते मात्र मी तत्काळ लिहून घ्यायला निघालो होतो.