खाली बसवलेली गाडी आणि रुंद टायर

पांडेसऱ्यात, गुजराती कापडगिरण्यांच्या वस्तीत, टायरच्या दुकानात बारा वर्षं काढली. हे किस्से मी काही जमवले नाहीत; राग गिळता गिळता साठत गेले. लोक आधी स्प्रिंगा बदलून गाडी पार जमिनीला टेकवतात, आणि मग तिलाच रुंद टायर मागतात. सांगा, राग येणार नाही?

आमच्याकडे टायर बसवतात सुकलाल आबा. मूळचे शिरपूरकडचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही. मी अलाइनमेंट बघतो, आणि आवाज माझाच चढतो.

एक जण लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. आबांनी टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून पाहिली. दोनसुद्धा जाईनात.

"रुंद टायर घासंल, भाऊ."

"व्हिडिओत तर मस्त बसलाय."

"व्हिडिओत त्यानं स्टिअरिंग फिरवलं का?"

गड्यानं मोबाइल काढून अख्खा व्हिडिओ पुन्हा पाहिला. फिरवलं नव्हतं. तरी म्हणतो, "थई जशे, काका." होऊन जाईल म्हणे! टायर बसवून घेतले आणि आमच्याच दारात वळताना घासले.

दुसरा आला तो भांडतच. "चौघं बसलो की मागचं चाक घासतं. तुमचं काम कच्चं."

आबा म्हणाले, "मग तिघांना रिक्षानं पाठवत जा."

माणूस खरंच विचारात पडला. मी हातातला पाना आपटून बाहेर निघून गेलो.

एक डाइंग मिलवाल्याचा मुलगा होता. गाडी डगमगते म्हणून आला. आबांनी चाक उतरवलं. गाडी खाली बसवल्यानं चाक तिरपं झालं होतं, आणि आतल्या बाजूनं टायर घासून घासून धागे उघडे पडले होते. असल्या टायरवर हा हायवेनं नवसारीला जाऊन आला होता.

"बाहेरून तर नवा दिसतो," तो म्हणाला.

"तुमच्या मिलमधे असा धागा निघालेला कापडाचा ताका पास करता का?" आबांनी विचारलं.

"छे. लगेच रिजेक्ट."

"ताका फाटला तर कोणी मरत नाही, शेठ."

आणि मागच्या महिन्यातला तो. रुंद चाकं आत घासतात म्हणून स्वतःच स्पेसर घेऊन आला. स्पेसर म्हणजे चाक बाहेर ढकलणारी जाड चकती. पण बोल्ट जुनेच, आखूड. आबांनी लावून पाहिले. जेमतेम तीन आटे धरत होते; चाक वाटेत कधीही निखळलं असतं.

"हे मी बसवणार नाही," आबा म्हणाले.

"तू पंक्चरवाला. तुला गाडीतलं काय कळतं?"

आबांचे केस ह्या कामात पांढरे झाले, आणि हा त्यांना अरेतुरे करतो! मी त्याच्या अंगावरच गेलो. आबांनी माझा दंड धरला. मला हळूच म्हणाले, "मन्हं बी डोकं फिरेल शे. पण थांब." म्हणजे डोकं त्यांचंही फिरलं होतं!

मग टेबलावरचा कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"बसवतो. तुम्ही फक्त लिहून द्या."

"काय लिहू? जबाबदारी माझी, असं?"

"नाही. ह्या गाडीत कोण कोण बसतं, त्यांची नावं."

तो हसला. स्वतःचं नाव लिहिलं. खाली बायकोचं लिहिलं. तिसऱ्या ओळीवर 'चि.' लिहिलं आणि पेन थांबलं.

मग त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली.

"काका," तो म्हणाला, "जुनीच चाकं लावा."