चिंतामणराव गाण्यात वारले

ताम्हन चिंचेनं अर्धं उजळलं होतं, अर्धं अजून काळंच होतं, तेवढ्यात यशोधराबाईंचा फोन वाजला. हात बरबटलेले. कोपरानं कसाबसा स्पीकर लावला. बेटम्याहून इरावती होती. पूर्वी मल्हारगंजात शेजारीच राहायची. नवऱ्यानं बेटम्याला दुकान टाकलं तशी तिकडे गेली. पण नवरात्रात अष्टमीला तिच्या देवीपुढे सवाष्ण म्हणून जेवायला यशोधराबाईच जायच्या. लग्न होऊन इंदूरला आल्या तेव्हापासूनचा हा मान. त्याचंच आमंत्रण असणार.

"ताई," इरावतीचा आवाज जड होता, "मला फार उशिरा कळलं हो. सूनबाईनं मोबाईलवर दाखवलं. असं एकाएकी कसं झालं?"

"कोणाचं काय झालं?"

"भाऊजींचं."

भाऊजी, म्हणजे चिंतामणराव, त्या वेळी बाहेरच्या खोलीत पोह्यांवर आणखी शेव घालून घेत होते.

"अगं, ते शेव खातायत!"

मग हळूहळू उलगडा झाला. व्हिडिओ यशोधराबाईंच्या मुलाचा, मानसचा होता. गाण्यात बाबा गेले, सायकल दारात उभी राहिली, गाणारा मुलगा रडला. तो बघून बेटम्याला सासू-सून दोघी रडल्या. इरावतीला आता धड बोलता येईना. "मानसदादा इतका रडतोय म्हटल्यावर कोणाला खोटं वाटणार, ताई? आणि मी... मी अष्टमीला दुसऱ्या बाईंना सांगून बसले हो. आता त्यांना नाही कसं म्हणू?"

यशोधराबाईंनी ताम्हन तसंच मोरीत ठेवलं आणि आतल्या खोलीत गेल्या. मानस गिटार उशाशी घेऊन झोपला होता. पहाटेच्या बसनं आला होता.

हा मुलगा पुण्याची चांगली नोकरी सोडून गाणी म्हणत हिंडतो. कुठली गाणी विचारलं की म्हणतो, अमेरिकाना. म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांतली, ट्रकवाल्यांची, रेल्वेची, ओस पडलेल्या गावांची गाणी असतात ना, तो बाज. हा त्याच चालीत स्वतःची हिंदी-मराठी गाणी रचतो. हातात गिटार आणि माउथऑर्गन गळ्यात तारेनं अडकवलेला, बैलाला मुसकं बांधावं तसा. पाताळपाण्याच्या जुन्या रेल्वेगाडीवर एक गाणं आहे, धार रोडच्या ढाब्यावर एक आहे. आज जयपूर, उद्या शिलाँग, रात्री ऐकायला आलेल्यांपैकीच कोणाच्या तरी सोफ्यावर झोपायचं. पाच वर्षं तर त्याला कोणी विचारत नव्हतं. मग हे सायकलचं गाणं आलं आणि सगळीकडून बोलावणी यायला लागली. यशोधराबाईंनी ते पूर्ण कधी ऐकलंच नव्हतं. संध्याकाळची दिवाबत्ती आणि याचे कार्यक्रम, वेळ एकच.

"ऊठ. बापाला कशाला मारलंस?"

"अरे यार, आई..." मानसनं पांघरूण बाजूला केलं. "ते गाण्यातले बाबा आहेत. अमेरिकानात कोणी ना कोणी जातंच. गाडी सुटते, घर सुटतं, बाप जातो."

"मग गाडी सोड, घर सोड, बाप ठेव!"

"तू न फालतूच टेन्शन घेते."

"फालतू? दर बुधवारी खजराण्याच्या गणपतीला मी यांच्या आयुष्यासाठी दूर्वा वाहते, आणि तू गावोगाव त्यांना मारत फिरतोस! माझ्या कपाळावर कुंकू आहे की नाही, हे आता बेटम्याला जाऊन दाखवू का?"

"आज आपल्याच गावात शो आहे. येऊन ऐक तर आधी. पण गाणं बदलणार नाही. लोक त्याच्यासाठीच येतात."

"निदान सांग तरी, की बाप जिवंत आहे."

"सांगितलं की गाणं खलास."

संध्याकाळी दिवा लवकर लावून नवरा-बायको दोघं गेली. जोरजोरात बोलणारी पोरं कॅफेत दाटीवाटीनं बसली होती. सायकलचं गाणं शेवटी आलं. पँटीला क्लिप लावून वीज मंडळात जाणारे बाबा. वळणावर घंटी न वाजवता शीळ घालणारे. आणि मग सायकल दारात उभी आहे, वळणावर कोणी नाही. शीळ याच्या लक्षात होती! यशोधराबाईंना वाटायचं, ती फक्त आपल्याला ऐकू येते. अंगणात उभं राहून ती शीळ ऐकली की मगच तर भाताचं आधण ठेवायच्या. पण म्हणून काय, मारायचं?

गाणं संपलं. पुढची एक मुलगी डोळे पुसत होती. शेजारी चिंतामणरावही डोळे पुसत होते.

"किती छान गेलो गं मी," ते कुजबुजले.

यशोधराबाईंची सहनशक्ती तिथं संपली. "अहो, उठा! उभे राहा!" आणि साऱ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात, "हे बघा याचे बाबा! जिवंत आहेत. सकाळीच दोन बशा पोहे खाल्लेत!"

चिंतामणराव गडबडून उठले. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी हात जोडले. मागून कोणीतरी इंदुरी थाटात ओरडलं, "भिया, बाबूजी एकदम फिट!" आणि हशा आणि टाळ्यांनी कॅफे दणाणला. मोबाईल वर झाले. शिळेची मागणी आली, तेव्हा चिंतामणरावांनी तिथल्या तिथे शीळ घातली. मंचावर मानस कपाळाला हात लावून बसला होता.

सकाळी तो बॅग भरताना फुरंगटूनच होता. "वाट लावलीस, आई. आता कोट्याच्या शोला सगळे विचारतील, बाबूजी कुठे आहेत."

"सांग, घरी आहेत."

"गाणं गेलं माझं."

"गाणं गेलं तर दुसरं करशील. चहा पी."

चिंतामणराव दारातून म्हणाले, "पण कोट्याला म्हण हं ते. शीळ जरा नीट घाल. मी लांब ओढून घालतो."

मानस हसायचं नाही असं ठरवून बसला होता, तरी हसला.

फोन वाजला. इरावतीच. रात्रीच सुनेच्या मोबाईलवर चिंतामणराव हात जोडून उभे दिसले होते. "ताई, देवीपुढे दोघी सवाष्णी बसवते. एकीला का नाही म्हणायचं? पण भाऊजींना बरोबर आणाच. सूनबाईला प्रत्यक्ष बघायचेत."

"आणते. पोहे करून ठेव."

मोरीत ताम्हन तसंच पडलं होतं, अर्धं उजळ, अर्धं काळं. चिंच संपली होती. यशोधराबाईंनी पिशवी घेतली, चिंतामणरावांना चपला घालायला लावल्या आणि चिंच व देवीसाठी नारळ आणायला दोघं सियागंजला निघाली.