जहाजावरची बदली

तीन जहाजांचा तक्ता मी बनवला तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. मोठं पाणी म्हणून मला फक्त इंदूरजवळचा यशवंतसागर तलाव ठाऊक होता, तोही शाळेच्या सहलीत पाहिलेला. पण माझी नोकरी ट्रॅव्हल एजन्सीत होती, आणि इंग्रजी वाचून मराठीत लिहू शकणारी त्या ऑफिसात मी एकटीच होते. तेव्हा सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन जहाजांपैकी चांगलं कुठलं, हे इंदूरच्या लोकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

बाबांची कापडमिल बंद होऊन दुसरं वर्ष चालू होतं. सियागंजातले व्यापारी आणि बेटम्याकडचे सोयाबीनवाले पासपोर्ट काढत होते. देश खुला झाला असं रोज पेपरात यायचं. आमच्या घरी बाबाही खुले झाले होते, पण ते पेपरात आलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे शहरातल्या जुन्या मराठी घरांतली बारा जोडपी होती. एजन्सीच्या शेठजींनी मला बोलावून तिन्ही जहाजांची चकचकीत पुस्तकं हातात दिली. म्हणाले, "मैडम, ऐसा चार्ट बनाओ कि एक नज़र में समझ आ जाए." मग मी रकाने पाडले. खोली, जेवण, करमणूक, नोकरचाकर, वातावरण.

पहिलं जहाज सगळ्यांत मोठं आणि नवं. दिवसभर कधीही, कितीही खा. दोन पोहण्याचे तलाव, रोज गाणंबजावणं, उशीवर रोज एक चॉकलेट, आणि टॉवेलची घडी घालून केलेला ससा. दुसरं मध्यम, जरा वयस्क लोकांचं. त्यावर वाचनालय होतं आणि एका संध्याकाळी कॅप्टनबरोबर जेवण, पण पुरुषांनी कोट घालायचा. तिसरं जुनं आणि लहान. खिडकीच्या खोल्या थोड्या, जेवण दोन पंगतींत, उशीर झाला तर दुसऱ्या पंगतीला बसा. मात्र तिथला स्वयंपाकी आधी कळवलं तर वरणभात करत असे.

वातावरणाच्या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना. तिन्ही पुस्तकांत माणसं सारखीच हसत होती. मला तर संशय होता की तीच माणसं तिन्हीकडे हसतायत. शेवटी मी पहिल्यापुढे "उत्साही", दुसऱ्यापुढे "शांत" आणि तिसऱ्यापुढे "घरगुती" असं ठोकून दिलं. गिऱ्हाइकांना ते फार पटलं. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. उपासाला साबुदाण्याची खिचडी मिळेल का, पोहे सकाळी किती वाजेपर्यंत असतात, सोबत सेव नेली तर जहाजवाले हरकत घेतात का. एका काकूंनी विचारलं की कोट घालण्यापेक्षा कॅप्टनच आपल्या खोलीत येऊन जेवला तर चालणार नाही का. मी मुंबईच्या एजंटला फोन करून विचारायची, उत्तर लिहून घ्यायची. हसू यायचं नाही आणि रागही यायचा नाही. त्या दिवसांत मला एकूणच फारसं काही वाटत नसे. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तशी मी होते.

बाबा मिलच्या कताई खात्यात होते. आजोबा महूला फौजेत, आणि मुलानंही फौजेतच जावं असं त्यांना वाटे. बाबा म्हणत, पलटण हलते, मिल हलत नाही. ते खरंच होतं, मिल हलली नाही. जिथल्या तिथे बंद पडली. "बंद पडली" असं आमच्याकडे कोणी म्हणत नसे. सगळे म्हणत, "अभी बंद है." बाबा त्या "अभी"वर दीड वर्ष बसून होते. पहाटे उठायचे, आंघोळ करायचे आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. आई साड्यांना फॉल लावायची आणि त्यांच्या खुर्चीला वळसा घालून झाडायची.

एका शनिवारी तक्त्याचा कच्चा कागद मी घरी आणला. बाबांनी तो खुर्चीत बसून वाचला. हातात आलेला कुठलाही कागद ते वाचत, पुडीचासुद्धा. नोकरचाकर या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथे मी लिहिलं होतं: रोज बदली. त्याखाली, एक दिवसाआड बदली. त्याखाली, मागितल्यास बदली.

"पहिल्यावाल्या जहाजावर रोज बदली असते?" त्यांनी विचारलं.

"हो, रोज." मी दुसरा कागद लिहीत होते. मान वर केली नाही.

"आणि हे बाकीचे दोन?"

"दुसऱ्यावर एक दिवस सोडून. तिसऱ्यावर आपण मागितली तरच."

"मग पहिलावालाच चांगला."

"सगळे तेच म्हणतात."

"हे सगळं तुमच्याच ऑफिसातून होतं?"

"आमच्याच," मी म्हणाले.

सोमवारी ऑफिसातल्या अकाउंटंटनी तो कागद पाहिला. ते नुकतेच पुण्याहून आले होते आणि आमचं मराठी ऐकून त्यांना रोज नवा आनंद होत असे. ही बदली कशाची, असं विचारलं. मी म्हटलं, चादरींची. "चादरींची बदली?" ते म्हणाले. "कुठल्या गावाला झाली हो?" मग समजावून सांगितलं की बदली हे हिंदीत झालं, मराठीत चादर बदलतात. मी खाडाखोड करून "चादरी रोज बदलतात" असं नीट लिहिलं आणि तक्ता टाइप करायला दिला.

मंगळवारी ऑफिस उघडायला गेले तर बाबा तिथे उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. दारासमोर नव्हते, जरा बाजूला भिंतीला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सोडून उभे होते.

"बाबा, काय झालं?"

"बदलीसाठी आलोय," ते म्हणाले. "पहिल्या जहाजाच्या."

मिलमध्ये बदली म्हणजे काय, हे आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना अ-आ-ईच्या आधी कळायचं. ज्यांची नोकरी पक्की नाही त्यांनी रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. पक्क्यांपैकी कोणी आलं नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं आत घेत. ती बदली. जागा संपल्या की आतून आवाज यायचा, "आज भरली", आणि उरलेले घरी जात. रोज उभं राहणाऱ्याचा नंबर हळूहळू वर सरके, आणि खाडा केला की नाव खाली जाई. बाबा लग्नाआधी सात वर्षं असे उभे राहिले आणि मग पक्के झाले. गल्फला माणसं पाठवणारे एजंट शहरात होतेच. आमचं ऑफिस जहाजांवर बदली कामगार पाठवतं असं बाबांना वाटलं, यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागदावर तसं लिहिलंच होतं, त्यांच्याच मुलीच्या अक्षरात.

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्यांचा तो डबा, भिंतीला लागून उभं राहणं, हे सगळं पाहून माझ्या तोंडून निघालं, "आज भरली."

"बरं," बाबा म्हणाले. वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. पहिल्याच दिवशी बदली कोणाला लागते? "उद्या याच टाइमला?"

"याच."

ते रोज यायला लागले. मी शटर उघडताना ते भिंतीपाशी असत. मी म्हणायची, आज भरली. ते मान हलवून परत जात. शेठजींनी एकदा विचारलं, "ये बाबूजी कौन हैं?" मी म्हणाले, माझे वडील, डबा पोचवायला येतात. शेठजी भला माणूस, त्यांनी आत बसायला खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. बदलीवाले बसत नसतात.

घर मात्र बदललं. आई पुन्हा सकाळी डबा करायला लागली. बाबा जेवताना बोलायला लागले. जहाजाची चौकशी करत, पण त्यांची वेगळी होती. चादरी धुवायचं खातं कुठे असतं? पाळ्या किती? काम करणाऱ्यांची पंगत कधी? त्यांच्या खोलीला खिडकी असते का? मी तिन्ही पुस्तकं पुन्हा चाळली. पाहुण्यांच्या खिडक्यांचे चार प्रकार दिले होते. काम करणारे कुठे झोपतात ते तिन्हींत नव्हतं. "तिसरावाला घरगुती आहे म्हणतेस," बाबा म्हणाले, "तिथे तरी असेल." मी म्हणाले, असेल. एका खोट्याला दुसरं जोडायला मला जड गेलं नाही. मला काही वाटतच नव्हतं, हे मी इथे स्वतःची बाजू म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात मामा आला. मामा सांवेरला एका सोयाबीनच्या कारखान्यात कारकून होता. त्यांच्या गेटवर हजेरी लिहायला माणूस हवा होता, पक्का. मामानं साहेबाला बाबांचं नाव सांगून ठेवलं होतं. "जीजाजी, गुरुवारपर्यंत हो म्हणा," तो म्हणाला. "त्याच्या पुढे माझ्या हातात नाही."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा पाणी प्यायले. "मेहरबानी आहे तुझी," ते म्हणाले. "पण माझा नंबर वर आलाय. आता खाडा केला तर नाव पार खाली जाईल. थोडंसं राहिलंय."

मामानं माझ्याकडे पाहिलं, कारण ऑफिस माझं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पोळी खात होते, ती खाऊन संपवली.

बुधवारी सांगणार होते, पण शटर उघडतानाच बारापैकी सहा जोडपी येऊन धडकली. त्यांना त्या दिवशी जहाज ठरवायचं होतं. दुसरं ठरलं. तिथलं वातावरण आपल्या लोकांना शोभेल असं म्हणाले. त्या गडबडीत मी दारातूनच बाबांना म्हटलं, आज भरली. गुरुवारी मात्र काहीच आड आलं नाही. रस्ता मोकळा, ऑफिस रिकामं, समोर बाबा. तरी मी तेच म्हणाले.

शुक्रवारी सांगितलं. का शुक्रवारी, ते मला आजही सांगता येत नाही.

"बाबा, ती बदली माणसांची नाही. चादरींची आहे. जहाजावर चादरी रोज बदलतात, तेवढंच मी लिहिलं होतं."

"मग रोज भरली म्हणायचं कोण?"

"मीच."

"मला वाटलं, माझ्या आधीचे कोणी असतील," ते म्हणाले. मग डबा दुसऱ्या हातात घेऊन, "सांवेरला फोन लाव."

मी आत जाऊन कारखान्यात फोन लावला. मामा म्हणाला, "बेटा, काल संध्याकाळपर्यंत मी रोकून धरलं होतं. आज सकाळी दुसऱ्याला ठेवला." मी बाहेर आले. बाबा भिंतीपाशीच होते.

"तिथे दुसरा माणूस लागला, बाबा. आज सकाळी."

"हे खरं आहे, की हेही तूच?"

"खरं आहे."

ते पहिल्यांदा ऑफिसच्या आत आले. शेठजींच्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी मला पुन्हा नंबर फिरवायला लावला आणि रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला. मामाकडून सगळं ऐकून घेतलं, त्याला "ठीक आहे भैया" म्हणाले, रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. मला म्हणाले, "बरोबर आहे." आणि डबा घेऊन घरी गेले.

ते मला रागावले नाहीत. आईलाही त्यांनी काही सांगितलं नाही, ते मी बऱ्याच वर्षांनी स्वतः सांगितलं. पण त्या दिवसापासून मी काही सांगितलं की बाबा ते एकदा तपासून घ्यायचे. पाणी आलंय म्हटलं तर उठून नळ उघडून बघायचे. मामाचं पत्र मी वाचून दाखवलं तर नंतर चष्मा लावून स्वतः वाचायचे. तोंडानं बरं म्हणायचे, आणि मग बघायचे. दोन वर्षांनी माझं लग्न ठरत होतं. मुलाला मी ओळखत होते, चांगला माणूस आहे, असं मी बाबांना समोर बसून सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले. आणि माझ्यादेखत आईकडे वळून विचारलं, "काय गं, चांगला आहे का?"