कॅरमच्या खोलीतला डेटाबेस

त्या वर्षांत मला दुपारी, जागेपणीच, एक स्वप्न पडायचं. साकीनाक्याला पत्र्याच्या वर्कशॉपांच्या गर्दीत आमच्या कंपनीची एकच थंड खोली होती, कॉम्प्युटरची. माहिती साठवलेल्या टेपची चक्रं फिरत असत आणि मला वाटे, फिरता फिरता ती एकमेकांशी बोलू लागतील. पण त्या टेप बोलत नसत. पगाराच्या टेपवर एखादा कामगार बोरिवलीला राहायला गेलेला असे, फंडाच्या टेपवर अजून भांडुपलाच. त्याचा फंडाचा कागद जुन्या दाराशी जाऊन पडायचा.

डेटाबेस नावाची नवी सोय आली होती. माणसाची माहिती एकाच जागी ठेवायची, सगळ्या कामांनी ती तिथूनच घ्यायची. ते सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं, त्याचं जाडजूड पुस्तक साहेबांच्या कपाटात बंद, आणि अडलं तर विचारायला कुणी नाही. अंधेरीत, मुलुंडला, घाटकोपरला आमच्यासारखे कितीतरी जण असेच एकेकटे अडले असणार. त्यांचं मंडळ काढायचं मी ठरवलं. ज्ञानाला कुलूप लावणं मला अन्याय वाटे. आजही वाटतो.

जागा म्हणजे बोरिवलीच्या आमच्या चाळीचं वाचनालय; रविवारी तिथे कॅरम चाले. चावी माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे. ते गिरणीतले, युनियनचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर.

"मशिनीच्या माणसांक मालकाचो भय," ते म्हणाले. "येतले कशाक? दोन रविवार दितंय. कोण येवक नाय, तर खोली परत कॅरमवाल्यांची."

मी पत्रक लिहिलं. 'माहितीची मक्तेदारी मोडून काढा! यंत्रावर राबणाऱ्यांनो, एकत्र या!' लाल शाईत. कंपन्यांच्या फाटकांवर जाऊन स्वतः वाटलं.

पहिल्या रविवारी आली ती फक्त माझी मैत्रीण, आमच्याकडची पंच ऑपरेटर, कार्डांना भोकं पाडून माहिती भरणारी. चर्चमधला मिस्सा आटोपून गोराईहून होडीनं आली होती. ऊन बाकांवरून सरकत भिंतीवर चढलं, धुळीचे कण त्यात तरंगत राहिले. दार उघडं होतं. कुणी आलं नाही.

"अगं, हे वाचून मीच घाबरले," ती म्हणाली. "वाटलं, मोर्चाच नेतेस. तुझं अडलंय काय, ते सरळ लिही ना."

"आपलं अडलंय हे जगाला सांगायचं?"

"मग बस एकटी क्रांती करत."

दुसरं पत्रक तिनं सांगितलं, मी लिहिलं. 'आमच्या टेपवर एकच माणूस दोन पत्त्यांवर राहतो. तुमच्याकडेही? रविवारी या. चहा आहे.' एकही उद्गारचिन्ह नाही. हात नुसता शिवशिवत होता.

दुसऱ्या रविवारी आप्पा चावी परत घ्यायला येऊनच बसले, छातीवर युनियनचा लाल बिल्ला. बऱ्याच वेळानं एक गृहस्थ दारात उभा राहिला. बिल्ल्याकडे पाहून बिचकला, मग कोपऱ्यातल्या कॅरमबोर्डाकडे बघत म्हणाला,

"कॅरम इथेच का?"

"हयच, हयच! येवा." आप्पांनी खुशीत बोर्ड काढला.

मी चहाचे कप आवरायला घेतले. मैत्रीण मात्र त्याच्या केसांकडे टक लावून बघत होती. कार्डाला भोक पडलं की कागदाचा जो इवलासा तुकडा उडतो, तसले तुकडे उन्हात चमकत होते. आम्हीही रोज ते केसांत घेऊन घरी जायचो.

"काय हो, डोक्यात पंचिंगची चुरी घेऊन कॅरम खेळायला निघालात?"

त्यानं केसांवरून हात फिरवला, ओशाळला. मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका. आमच्याकडे एक माणूस तीन पत्त्यांवर राहतो."

त्यानं जिन्याकडे मान वळवून हाक मारली. खाली थांबलेले आणखी दोघं वर आले.

आप्पांनी बोर्ड भिंतीला टेकवला. तो गृहस्थ वाचनालयाच्या फळ्यावर तीन पत्ते लिहू लागला. ते वाचून आप्पाच म्हणाले, "तेचो खरो पत्तो खयचो?"

कुणालाच सांगता येईना. आम्ही तिथूनच सुरुवात केली. चावी त्यांनी मागितली नाही.