म्हैस ट्रकमध्ये चढत नाही

मी घर सोडलं तेव्हा मी जागची हललेसुद्धा नव्हते. मला जऊळक्याच्या फाट्यावर उभं करून घरच ट्रकमध्ये बसून निघून गेलं. दिवाळी नुकतीच झाली होती. ट्रकमध्ये पाण्याचे ड्रम, तवे, गोधड्यांची गाठोडी, दोन शेळ्या आणि त्या सगळ्यावर बसलेली आमची वस्ती. किन्हीराजापासून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की जी मोजकी घरं लागतात, ती आमची. दरवर्षी ती ऊसतोडीला जात आणि मीही जायचे. त्या वर्षी मायनं मला फाट्यावर उतरवलं, माझा हात मामाच्या हातात दिला आणि पुन्हा ट्रकमध्ये चढली. मामाचा तिथं वांग्या-मेथीचा मळा होता. मी भोकाड पसरलं होतं.

"काहून रडून राह्यली व? शाळेत जाजो. आमी आलोच," माय वरून ओरडली.

आमच्याकडे 'आलोच' म्हणजे उन्हाळा लागल्यावर. मला वाटलं, ट्रकमध्ये जागा पुरली नाही म्हणून मला टाकलं. हा राग मी पुष्कळ वर्षं जपला. मामाकडे मेथीच्या जुड्या बांधत शिकले, अकोल्याला जाऊन चित्रकलेची पदविका केली, नोकरी लागली. आता वाशिमला दुसऱ्या मजल्यावर राहते. नळाला दिवसाआड पाणी येतं, खाली पार्किंगवरून भांडणं होतात, आणि माझा दिवस पीपीटी, व्हीसी आणि 'आजच फोटो अपलोड करा' या मेसेजांत जातो. जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत चित्र, गाणं, नाटक आणि हस्तकला इतर विषयांत मिसळून शिकवायचा उपक्रम आहे, तो मी चालवते. माय माझ्याजवळ असते. बाप गेला. वस्तीवरच्या घराला कुलूप आहे.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, वस्तीवरच्या माणसांनो. जे उसाच्या फडावर जातात त्यांच्यासाठी आणि जे म्हातारपणामुळे मागं राहतात त्यांच्यासाठीही. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहिते.

उपक्रम कसा चालतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक शाळेनं वर्षभरात आपल्या गावचा एक खेळ उभा करायचा. संवाद मराठीच्या तासाला, पडदा चित्रकलेच्या तासाला, वाद्यं विज्ञानाच्या तासाला भंगारातून, आणि स्टेजची मापं गणितात. कागदावर हे फार छान दिसतं. पण आमच्यासारख्या वस्त्यांवर दिवाळीनंतर निम्मी शाळाच ट्रकमध्ये बसून जाते. राजा गेला, प्रधान गेला, ढोलकीवाला गेला, मागं उरतात झाडं. म्हणून मी एक पद्धत बसवली. प्रत्येक भूमिका दोघांनी शिकायची, एक जाणारा आणि एक राहणारा. जाणाऱ्यानं मुखवटा तयार करून वर्गात खिळ्यावर टांगून जायचं. हिवाळाभर तो राहणाऱ्यानं घालायचा. आणि मोठा प्रयोग ट्रक परत आल्यावरच, तेव्हा मुखवटा ज्याचा त्याला. या तारखेसाठी मी वरिष्ठांशी किती हुज्जत घातली असेल! मार्चअखेर सगळं आवरायचं असतं ना त्यांना. मी हटले नाही.

आपल्या शाळेतल्या मुलांनी गेल्या वर्षी रचलेला खेळ असा होता: सगळा गाव ट्रकमध्ये चढतो, फक्त एक म्हैस चढत नाही. मुकादम ओढतो, पाटील ढकलतो, मास्तर समजावतो. म्हैस पाय रोवून एकच वाक्य म्हणते, "मले नाई चढाचं. तुमी जा."

ही म्हैस होती निकिता, आठवीतली. कमलबाईची पोर. जोडीला अंजली, भाजीवाल्याची, राहणारी. निकितानं कागदाच्या लगद्याचा मुखवटा केला. एक शिंग वर, एक खाली, आणि डोळे असे की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. सुरुवातीला ती बोलायची तेव्हा तिचं तिलाच ऐकू येत नसे. मी तिच्यावर मेहनत घेतली. पाय घट्ट रोव. समोरच्याच्या डोळ्यांत बघ. श्वास पोटातून घे. वाक्य गिळू नकोस. दिवाळीपर्यंत पोरीचा आवाज शाळेच्या पत्र्यावर आदळून परत यायला लागला. जाताना तिनं मुखवटा स्वतः टांगला आणि अंजलीला बजावलं, "शिंग तोडजो नोको."

ट्रक परत आले त्या दिवशी मी फाट्यावर गेले होते. निकिता उतरली. हातात हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत, डोक्यावर पदर. शेजारी एक पोरगा, तोही मिसरूड न फुटलेला. मला बघून तिनं पदर आणखी ओढला.

फडावर माणसं एकेकटी लागत नाहीत, जोडीनं लागतात. नवरा ऊस तोडतो आणि बायको मोळ्या बांधते, त्या जोडीला कोयता म्हणतात. हे तुम्हाला मी काय सांगणार? कमलबाई मला म्हणाली, "बाई, मुकादमाले एक कोयता कमी पडत होता. अन पोट्टी मोठी झाली. आमी दिवसभर फडात, एकलीले पाचटाच्या कोपीत कशी ठेवू? कोनाच्या भरोशावर?" ती रडत नव्हती. मला तिचा संताप आला आणि तिचं खरंही वाटलं. दोन्ही एकदमच होतं.

मी तक्रार केली. करायलाच हवी होती, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

चौकशीला माणसं आली ती शाळेतच बसली. निकिताला बोलावलं. ती शाळेच्या गणवेशात आली, दोन वेण्या घालून. गळा मोकळा, हात मोकळे. चुड्यानं मनगटावर उमटलेले वळ मात्र दिसत होते, पण ते बघायला कुणी वाकलं नाही. चौकशीला आलेल्या मॅडमनी मायेनं विचारलं, "बाळा, तुझं लग्न झालंय का?" निकितानं पाय रोवले. मॅडमच्या डोळ्यांत बघितलं. पोटातून श्वास घेतला.

"नाई. माहं लगन झालं नाई. मी आठवीत हाय."

एकही शब्द तिनं गिळला नाही. मॅडमनी कौतुकानं मान हलवली आणि म्हणाल्या, किती धीट मुलगी आहे. मी भिंतीला टेकून उभी होते. इतकी वर्षं मी या जिल्ह्यात मुलांना उभं राहायला शिकवते आहे, आणि इतकं चोख काम मी कुठल्याही स्टेजवर बघितलेलं नाही. खिळ्यावरून म्हैस आमच्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं, वळांचंही सांगितलं. पुरावा नाही, असं लिहून माणसं गेली.

त्या संध्याकाळी तुम्ही सगळे पारावर होता. माझा सख्खा काका उठून म्हणाला, "शोभे, तू आमची हायस का सरकारची?" मला सुचलं ते मी म्हणाले, "मी निकिताची आहे." मी गाडी काढली तेव्हा एकाही घरातून 'च्या घेऊन जा' अशी हाक आली नाही. प्रयोग झाला नाही. पोरांना त्यांच्या घरच्यांनी पाठवलंच नाही.

घरी येऊन मी मायला सांगितलं. ती गवार मोडत बसली होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कोयत्यानं कधीच गेली आहेत, तरी तिची गवार माझ्याआधी होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मंग तुले जऊळक्याले काहून सोडलं होतं, समजलं का आता?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"मुकादम दोन सालापासून तुलेच इचारून राह्यला होता. तुह्या बापानं लगनाले हो म्हनून टाकलं होतं. मी म्हनलं, पोट्टीले ताप हाय, तिले भावापाशी ठेवतो. ट्रक सुरू झाल्यावर त्यानं काय उडी मारली असती का?"

ट्रकमध्ये जागा होती. जागा माझ्यासाठीच होती. इतकी वर्षं मी जिच्यावर रुसले होते, तिनं ती सगळी वर्षं मला हे सांगितलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. गवार सगळी खाली सांडली. माय म्हणाली, "आता रडून काय करतं? त्या पोट्टीचं पाह्य."

काय पाहू? माय एक खोटं बोलली आणि मी वाचले. मी खरं बोलले आणि निकिता होती तिथंच राहिली. कागद अजून फिरवते आहे, वरच्या कचेरीत खेटे घालते आहे. तेवढं चालू आहे.

परवा दिवाळी झाली आणि मी पुन्हा फाट्यावर गेले. ट्रक उभा होता. तुम्ही माना फिरवल्यात. निकिता चढली, तिचा नवरा आधीच वर होता. तिचं पोट किंचित दिसत होतं. मी खाली उभी राहिले, तोंडातून शब्द फुटेना. आवाज पोटातून काढायला मी शिकवते!

तीच वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, माही म्हैस कोनाले देऊ नोका. मी आलोच."

ट्रक गेला. मी शाळेत गेले. यंदाचा खेळ दुसरा आहे, त्यात म्हैस नाही. गुरुजी म्हणाले, तो खिळा लागेल, नवीन मुखवटे टांगायला जागा नाही. मी म्हटलं, भिंतीत दुसरा ठोका. वाशिमच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, वस्तीवरच्या घराची मायच्या कनवटीला. पण घर कुठं, असं कुणी विचारलं तर मला तो खिळा आठवतो. त्याच्यावर एक म्हैस आहे, एक शिंग वर, एक खाली. ती अजून ट्रकमध्ये चढलेली नाही.